साध्य, साधन आणि देवमासे

साध्य उदात्त असलें म्हणजे साधनाची फारशी चौकशी करूं नये, असें उघडपणें म्हणणारे लोक थोडे. मनांतून तसें मानणारे मात्र पुष्कळ. अंटार्क्टिक समुद्रांत ‘निश्शिन मारू’ या जपानी जहाजाचा ताफा आणि ‘सी शेफर्ड’ या संस्थेच्या नौका यांच्यामध्यें २०१७ पर्यंत जे सामने झडले, त्यांत या मताची चांगलीच परीक्षा होते.

व्यापारासाठीं देवमासे मारण्यास आंतरराष्ट्रीय मंडळानें १९८२ मध्यें बंदी ठरविली व ती १९८६ पासून अमलांत आली. परंतु १९४६ च्या मूळ करारांत शास्त्रीय संशोधनाची मुभा होती. जपाननें तिचा आधार घेतला. शिकारी नौकांनीं मारलेलीं धुडें ‘निश्शिन मारू’वर कापलीं जात व मांस बाजारांत जाई. मारलेला प्राणी वाया जाऊं नये असें करारच सांगतो, हें जपानचें उत्तर अगदींच पोकळ नव्हतें. तथापि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ३१ मार्च २०१४ रोजीं, बारा विरुद्ध चार मतांनीं, असा निर्णय दिला कीं, ते परवाने संशोधनासाठीं दिलेले म्हणतां येत नाहींत.

म्हणजे विरोधकांचा आक्षेप खरा ठरला. पण त्यावरून त्यांचीं साधनेंहि शुद्ध ठरलीं काय? उग्र वासाच्या आम्लाच्या बाटल्या ते जहाजावर फेकीत. पंख्यांत गुंतावेत म्हणून दोर सोडीत. जपानी खलाशीहि पाण्याचे जोरदार फवारे मारीत. ६ जानेवारी २०१० रोजीं विरोधकांची ‘अ‍ॅडी गिल’ ही नौका ‘शोनान मारू क्रमांक २’शीं आदळून तिची नाळ तुटली. आंतील सहाजण वांचले. दोष मात्र प्रत्येक पक्षानें दुसऱ्यावर टाकला.

विरोधकांचें म्हणणें दुबळें नाहीं. खुल्या समुद्रांत पोलीस नसतो. न्यायालयांत दावा २०१० मध्यें दाखल झाला व निकाल चार वर्षांनीं लागला. तोंवर देवमाशांनीं थांबावें कोठें? शिवाय हा मार्ग सफळहि झाला. २०११ च्या फेब्रुवारींत जपाननें शिकार मध्येंच आटोपती घेतली व अडथळा हेंच कारण दिलें.

आमच्या मतें खरी अडचण येथेंच आहे. निष्फळ हिंसेचा निषेध करणें सोपें. सफळ हिंसेचा निषेध करण्यास विचाराचें बळ लागतें. बर्फाळ समुद्रांत पंखा निकामी झालेलें जहाज म्हणजे पोटासाठीं राबणाऱ्या अनेक खलाशांचा जीव धोक्यांत. तो धोका पत्करण्याची संमति त्यांनीं कोणास दिली होती? आपली नौका भाल्याच्या आड घालणारा निदान स्वतःचा जीव पणास लावतो. तरी त्यांतहि सक्तीचा अंश आहेच. पेशवाईंत धनको ऋणकोच्या दारांत धरणें धरून उपाशी बसे. क्लेश स्वतःचे, पण मृत्यूचें पाप दुसऱ्याच्या माथीं मारण्याची ती धमकीच असे. फरक इतकाच कीं, धरणें धरणारा प्रतिपक्षाच्या सदसद्विवेकबुद्धीस हांक मारतो. पंख्यांत गुंतणारा दोर तिला बाजूस सारतो.

पुढें २०१७ मध्यें ‘सी शेफर्ड’नें पाठलाग थांबविला. २०१९ मध्यें जपान मंडळांतून बाहेर पडला, अंटार्क्टिक सोडून स्वतःच्या समुद्रांत उघडपणें व्यापारी शिकार करूं लागला. ही शिकार आम्हांस रुचत नाहीं; परंतु तिच्यावरचा शास्त्राचा बुरखा गेला, एवढा तरी लाभ झाला.

दोन्हीं पक्षांचा दोष मुळांत एकच होता. एकानें ज्ञानाचें नांव घेतलें, दुसऱ्यानें दयेचें. आणि दोघांनींहि आपल्या हेतूस आपल्याच खटल्यांत न्यायाधीश नेमलें. हेतु चांगला आहे असें ज्याला पक्कें वाटतें, त्यानेंच आपल्या साधनांचा न्याय दुसऱ्याच्या हातीं सोंपविण्याची तयारी अधिक ठेवली पाहिजे. दया मूक प्राण्यासाठीं जागी व्हावी हें योग्यच. पण त्याच क्षणीं ती समोरच्या माणसाविषयीं निजूं नये.