चौकटीतला तारा

एखाद्या संस्थेने आपले बोधचिन्ह बदलले की लोकांत मोठी खळबळ उडते. कारभार बिघडला, दर वाढले, नोकरमंडळी उद्धट झाली, तरी जे लोक गप्प बसतात तेच लोक चिन्हातली एक रेघ इकडची तिकडे झाली की संतापून पत्रे लिहू लागतात. असे का व्हावे? ‘लोकांना बदल आवडत नाही’ एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. माणसे घर बदलतात, धंदा बदलतात. आपण तर देशच बदलला. बदल आपल्याला नवा नाही. तेव्हा या रागाचे मूळ दुसरीकडे शोधले पाहिजे.

दोन उदाहरणे घेऊ. १९९७ साली ब्रिटिश एअरवेजने आपल्या विमानांच्या शेपटीवरचा ब्रिटिश झेंडा काढून तेथे जगभरच्या कलाकारांची चित्रे रंगवण्यास सुरुवात केली. माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर बाईंनी त्या विमानाच्या नमुन्याची शेपटी सर्वांसमक्ष हातरुमालाने झाकून टाकली. शेवटी १९९९ मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली व झेंडा परत आला. दुसरे उदाहरण अमेरिकेतील गॅप या कपडे विकणाऱ्या कंपनीचे. तिने ऑक्टोबर २०१० मध्ये नवे बोधचिन्ह पुढे आणले. लोकांनी त्याची इतकी टिंगल केली की आठवडाभरातच जुने चिन्ह परत लावावे लागले.

कायद्याने पाहिले तर चिन्ह कंपनीच्या मालकीचे. तिने ते ठेवावे किंवा पुसावे. पण चिन्हाचा अर्थ कंपनीने केलेला नसतो. तो लोकांनी वर्षानुवर्षे, आपल्या विश्वासाने व आठवणींनी, तेथे जमा केलेला असतो. पेढीत ठेव ठेवावी तसा. ठेवीदाराला न विचारता पेढीने तिजोरी हलवली तर तो ओरडणारच, मग आतली रक्कम सुरक्षित का असेना. म्हणून लोकांचा राग वेडगळ नाही. मात्र विमानाच्या शेपटीवरून किंवा कपड्यांच्या दुकानाच्या पाटीवरून झालेला वाद थोड्या दिवसांत निवतो, कारण त्यात कोणाचे प्राण गुंतलेले नसतात. जेथे प्राण गुंतलेले असतात आणि मानही गुंतलेला असतो, तेथे काय करावे? असा एक वाद आपल्या याच देशात होऊन गेला आहे. तो मागेन दावीद आदोमच्या ताऱ्याचा.

त्याची हकीगत थोडी मागून सांगावी लागेल. १८५९ साली सोल्फेरिनोच्या रणांगणावर जखमींचे हाल पाहून आंरी ड्यूनां या स्विस गृहस्थाच्या मनात जी कल्पना आली, तिच्यातून १८६४ चा जिनिव्हा करार झाला. जखमींची सेवा करणाऱ्यांवर कोणी गोळी झाडू नये म्हणून एक खूण ठरली: पांढऱ्या भूमीवर तांबडा क्रूस. ती स्वित्झर्लंडच्या झेंड्याचीच, पण रंग उलट केलेली. तीत धर्माचा संबंध नाही, असे सांगण्यात येते. पण काढणाऱ्याच्या मनात काय होते एवढ्यावर खुणेचा अर्थ ठरत नाही. पाहणाऱ्याला काय दिसते तेही धरावे लागते. १८७६ मध्ये तुर्की साम्राज्याने कळवले की क्रूस आमच्या सैनिकांना दुखावतो, आम्ही तांबडी चंद्रकोर वापरू. १९२९ च्या करारात चंद्रकोर मान्य झाली, इराणचा सिंह व सूर्यही मान्य झाला.

१९३० साली तेल अवीवमध्ये मागेन दावीद आदोम, म्हणजे दाविदाची तांबडी ढाल, ही संस्था स्थापन झाली. १९४९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत इस्राएलने ही तिसरी खूणही मान्य करावी अशी मागणी केली. ती थोडक्यात हुकली. इस्राएलने करारावर सही करताना, आम्ही आपली ढालच वापरू, असे नोंदवून ठेवले. पुढे पन्नासाहून अधिक वर्षे ही संस्था रुग्ण वाहत होती, रक्त गोळा करीत होती, युद्धात धावत होती. पण जगाच्या सभेत तिला सभासदत्व नव्हते. या अन्यायाविरुद्ध अमेरिकन रेड क्रॉसने २००० सालापासून आंतरराष्ट्रीय महासंघाची आपली वर्गणी रोखून धरली होती.

अखेर ८ डिसेंबर २००५ रोजी जिनिव्हात ९८ विरुद्ध २७ मतांनी एक नवी खूण मान्य झाली: पांढऱ्या भूमीवर, कोनावर उभी केलेली तांबडी चौकट. लोक तिला ‘रेड क्रिस्टल’ म्हणतात. परदेशी काम करताना मागेन दावीद आदोमने आपला तारा या चौकटीच्या आत लावावा, देशात मात्र नुसता तारा चालावा, असे ठरले. जून २००६ मध्ये संस्थेला सभासद करून घेण्यात आले. पॅलेस्टाइनच्या रेड क्रेसंटलाही त्याच वेळी प्रवेश मिळाला.

या तडजोडीकडे दोन नजरांनी पाहता येते. एक पक्ष म्हणतो: क्रूस मोकळा उभा आहे, चंद्रकोर मोकळी उभी आहे, आमचाच तारा तेवढा चौकटीत का? हे म्हणजे पाहुण्याला ओटीवर बसवून चहा दिला, माजघरात घेतले नाही, असे झाले. दुसरा पक्ष म्हणतो: पिकुआह नेफेश, जीव वाचवणे, यासाठी शाब्बाथदेखील बाजूला ठेवावा अशी आपल्या धर्माची आज्ञा आहे. मग ताऱ्याभोवती चार रेघा आल्या तर काय बिघडले?

माझ्या मते पहिल्या पक्षाचे दुःख खरे आहे आणि दुसऱ्या पक्षाचा निर्णय बरोबर आहे. पण दुसऱ्या पक्षाचे कारण एकटे पुरेसे नाही. ‘मोठ्या कामासाठी थोडे वाका’ हे वाक्य ज्याच्या हातात दरवाजा आहे तो नेहमीच म्हणू शकतो. आज थोडे, उद्या आणखी थोडे. तेव्हा कोणती चौकट स्वीकारावी व कोणती नाकारावी, याला काही कसोटी हवी. मला तीन प्रश्न सुचतात. चौकटीमुळे आतली वस्तू बदलते काय? चौकट सर्वांसाठी आहे की एकट्यासाठी? आणि ज्याला चौकटीत बसायचे त्याला विचारले होते काय?

मागेन दावीद आदोमला हे प्रश्न लावून पाहू. आतला तारा तसाच राहिला; लोदमध्ये, दिमोनात, अश्दोदमध्ये आपण १०१ फिरवतो तेव्हा नुसत्या ताऱ्याचीच गाडी येते. चौकट नावापुरती तरी सर्वांना मोकळी आहे. कोणत्याही देशाची संस्था ती घेऊ शकते, आणि अडचणीच्या प्रसंगी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही ती तात्पुरती वापरावी अशी करारात सोय आहे. तरी क्रूस व चंद्रकोर यांना ती घ्यावीच लागली नाही, एवढे वैगुण्य उरते आणि ते लपवण्याचे कारण नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: इस्राएल व त्याची संस्था या बोलण्यात होती, त्यांनी आपण होऊन मान्यता दिली. तीनपैकी दोन प्रश्नांत पूर्ण व एकात अर्धी, अशी ही तडजोड उतरते. पुरेशी आहे.

आता हेच प्रश्न आपल्या जमातीच्या इतिहासाला लावू. १९६२ साली रब्बानूतने विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या की बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची व त्यामागची वंशपरंपरा तपासावी. ‘चौकशीच तर आहे, उत्तरे द्या आणि लग्न करा’ असे म्हणणे सोपे होते. पण त्या चौकटीने आतली वस्तूच बदलत होती: यहुदी माणूस संशयित यहुदी ठरत होता. सूचनेत नाव एकट्या आपल्या जमातीचे होते. आणि जमातीला विचारून ती काढलेली नव्हती. तिन्ही प्रश्नांत ती नापास. म्हणून १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेममध्ये ठाण मांडून बसली, त्यांनी योग्यच केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेतने जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व बाबतीत यहुदीच आहेत, आणि त्यानंतर सूचनेतून जमातीचे नाव काढण्यात आले.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे. कोकणातल्या गावकऱ्यांनी आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हटले. हे नाव परक्यांनी दिलेले, धंद्यावरून व सुट्टीच्या वारावरून. पूर्वजांनी त्यावरून भांडण केले नाही. कारण त्या नावाने शनिवारचा घाणा सुरू झाला नाही; उलट, घाणा त्या दिवशी बंद असतो हेच ते नाव गावभर सांगत राहिले. नाव परक्यांचे, पण त्यातला शाब्बाथ आपला.

चिन्हाचा अर्थ कामाने कसा बदलतो हे पाहायचे तर आपला पासपोर्ट हातात घ्यावा. त्यावरचा मनोरा रोममधील टायटसच्या कमानीवरून घेतलेला आहे. तो शत्रूने कोरला, आमचे बेथ हमिक्दाश लुटल्याची फुशारकी म्हणून. फेब्रुवारी १९४९ मध्ये तो राष्ट्रचिन्ह ठरला तेव्हाही आक्षेप निघाले. मुख्य रब्बी हर्झोग यांचे म्हणणे होते की त्याच्या बैठकीवरील आकृती पवित्र मनोऱ्याला शोभणाऱ्या नाहीत. आक्षेप अभ्यासाचा होता. तरी चिन्ह राहिले, आणि आज तो मनोरा पाहून पराभव कोणाला आठवत नाही. ज्या राज्याने तो धारण केला त्याने त्याला नवा अर्थ दिला.

तेव्हा वाचकहो, उद्या आपल्या एखाद्या मंडळाने, प्रार्थनालयाने किंवा संस्थेने जुना शिक्का बदलायचे ठरवले तर दोन्ही बाजूंनी एवढे करावे. चालकांनी आधी वडीलधाऱ्यांना व तरुणांना विचारावे. छापून आल्यावर कळवणे म्हणजे विचारणे नव्हे. आणि आपण सभासदांनी रागाची पत्रे लिहिण्यापूर्वी वरचे तीन प्रश्न स्वतःला विचारावे. उत्तरे समाधानकारक असली तर नवे चिन्ह चार वर्षे वापरून पाहावे, संस्थेचे काम चांगले असेल तर तेही आपलेसे होईल. उत्तरे वाईट आली, तर मात्र सभ्यपणाच्या भीतीने गप्प बसू नये.