आजचं चिंतन : तान्ह्याची भूक, बाळंतिणीची झोप (अध्याय 9, श्लोक 22)



आज आषाढी एकादशी. गेले तीन आठवडे रोजचं चिंतन लिहिता आलं नाही, कारण आमच्या घरी लेक आली आहे. पहिले दहा दिवस सोयर होतं. देवपूजा बंद, ज्ञानेश्वरी कापडात बांधलेली. अकराव्या दिवशी गाठ सोडली तेव्हा मोरपिसाची खूण नवव्या अध्यायातच होती. तिथूनच पुढे जाऊ.

श्लोक 22 सगळ्यांच्या ओळखीचा. भगवंत अर्जुनाला सांगतात की, जे दुसरा कुठलाही आधार मनात न ठेवता माझंच चिंतन करतात, त्यांचा योगक्षेम मी स्वतः वाहतो. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखालचे शब्द याच श्लोकातले. त्यामुळे योगक्षेम म्हटलं की आपल्याला पॉलिसी आठवते. मूळ अर्थ साधा आहे. योग म्हणजे जे नाही ते मिळवून देणं. क्षेम म्हणजे जे मिळालंय ते सांभाळणं. माझ्या कामाच्या भाषेत, नवीन फीचर बसवणं हा योग आणि चालू सिस्टीम रात्री-बेरात्री बंद पडू न देणं हा क्षेम. पहिल्याला टाळ्या मिळतात. दुसऱ्याची दखल फक्त सिस्टीम बंद पडल्यावर घेतात.

घरात मूल येतं तेव्हाही असंच होतं. मूल झालं की पेढे वाटतात. त्यानंतरचं दर दोन-अडीच तासांनी पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं याचे पेढे कोणी वाटत नाही.

ज्ञानेश्वर महाराजांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशाला या श्लोकाचा अर्थ सांगताना दोन चित्रं काढली आहेत. एक, पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणारी पक्षीण. दुसरं, तान्हं मूल. त्याला स्वतःची तहान-भूक कळत नाही, त्याचं जे काही भलं करायचं ते आईनेच करायचं. महाराज म्हणतात, भक्ताचं सगळं मी असंच करतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. परंपरा सांगते की या मुलाचे आई-वडील विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं आणि चारही भावंडं लहानपणीच पोरकी झाली. आई अशी हरवलेल्या मुलाने देवाला आई म्हणून पाहिलं आणि लोकांनी त्यालाच माउली म्हटलं. तान्ह्याची भूक त्याने वरवरची उपमा म्हणून घेतली नसणार. कोणी सांभाळायला नसणं म्हणजे काय, हे त्याने भोगलेलं होतं.

हा भाग आपण वाचतो तेव्हा स्वतःला कुठे ठेवतो? बहुतेक वेळा तान्ह्याच्या जागी. मी लेकरू, देव माउली, तो बघून घेईल. भाव खराच आहे. पण पाळण्याशेजारी बसून हेच वाचलं की उपमेची दुसरी बाजूही दिसायला लागते. या घरात तान्हं एकच आहे. बाकीच्या सगळ्यांनी पक्षिणीच्या बाजूला उभं राहायचं आहे.

आणि मग प्रश्न येतो की पक्षिणीचा योगक्षेम कोण वाहतं?

आमचं गाव कामशेतजवळ. देहूतून तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान झालं त्याच दिवशी, जन्मानंतर तिसऱ्या दिवशी, आम्ही बाळाला घेऊन घरी आलो. दर वर्षी मी देहू ते आकुर्डी एवढा टप्पा चालतो. या वर्षी आमची वारी खाटेपासून खिडकीपर्यंत. मावळातला पाऊस, घरभर दोऱ्या, त्यावर न वाळणारी दुपटी आणि लंगोट. सासूबाई बाळंतपण करायला आमच्याकडेच आल्या. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. पाचवीला पाटा पुजला आणि सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं. आईने आल्या-गेल्याचं पाहिलं. म्हणजे माणसं होती. तरीही चौथ्या-पाचव्या दिवसापासून माझी बायको रडायला लागली. बाळ झोपलं तरी तिला झोप येईना. ‘मला जमत नाहीये’ एवढंच म्हणायची.

(हे तिला वाचून दाखवूनच लिहितोय. ‘लिही, कोणाला तरी उपयोग होईल’ असं तीच म्हणाली.)

आमच्या गावातल्या आशाताई ठरलेल्या दिवशी येत होत्या. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशांच्या सहा भेटी असतात : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. ताई येतात, हात धुतात, बाळाचं वजन करतात, ताप बघतात, अंग पिवळं दिसतंय का पाहतात, दूध ओढतंय का विचारतात. सहा महिने फक्त आईचं दूध, मध किंवा गुटी चाटवायची नाही, हे त्यांनी सासूबाईंनाही नीट पटवलं. आमच्या लेकीचं वजन जन्मतः 2 किलो 800 ग्रॅम होतं, तिसऱ्या दिवशी 2 किलो 620 झालं. आम्ही घाबरलो. ‘पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत भरून येतं,’ ताई म्हणाल्या. चौदाव्या दिवशी 2 किलो 850 भरलं. सगळ्यांचे चेहरे फुलले.

ताईंनी बाळाला आजीकडे दिलं आणि त्या बायकोजवळ जाऊन बसल्या. ‘बाळाचं झालं. आता तुमचं सांगा. झोप लागते का?’

तेवढ्यावर ती जी रडली ती थांबेना. ताईंनी तिला रडू दिलं. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे, पण ते दोन आठवड्यांत ओसरायला हवं. दोन आठवडे होत आले तरी ओसरत नसेल, झोपच येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. लाजू नका.

दोन दिवसांनी आम्ही गेलो. डॉक्टरांनी अर्धा तास तिचं ऐकलं. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, हे स्पष्ट सांगितलं. एक औषध दिलं, आठवड्याने परत बोलावलं आणि सगळ्यात आधी सलग झोपेची सोय करा म्हणाले. आता रात्री नऊला बाळाला पाजून ती झोपते. मधलं एक पाजणं माझ्याकडे. काढून ठेवलेलं दूध, वाटी-चमच्याने. ऑफिसात आम्ही सर्व्हर सांभाळायला रात्रपाळ्या लावतो, तशाच या पाळ्या. अजून सगळं ठीक झालेलं नाही. पण काल ती सलग पाच तास झोपली.

आमच्या भजनी मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी प्रेमानेच विचारलं, ‘अरे, योगक्षेम तो वाहतोय ना? मग डॉक्टर कशाला? नाम घ्यायला सांग.’ प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून तेवढ्याच प्रामाणिकपणे उत्तर शोधलं. संध्याकाळी घरात हरिपाठ होतो, तिला बरं वाटेल तेव्हा तीही बसते. पण महाराजांचीच उपमा बघा. तान्ह्याला भूक लागली तर आई त्याला उपदेश करत नाही. पदराखाली घेते. योगक्षेम वाहणं हे हातांचं काम आहे, आणि देव ते कुठल्या तरी हातांनीच करतो.

त्या हातांचा इतिहासही जवळचाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला लावली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे 2011 पासून हेच काम देशभर आशांकडे आलं. कामशेतच्या चिखलातून छत्री घेऊन आलेल्या आमच्या ताई त्याच वाटेने आलेल्या. त्यांना हे सांगितलं तर हसतील. मला मात्र श्लोकातला ‘वाहतो’ हा शब्द त्यांच्या खांद्यावरच्या वजनकाट्याच्या पिशवीत दिसला.

आज पंढरपुरात लाखो माणसं विटेवरच्या पांडुरंगापुढे आहेत. ती वीट कशी आली हे आपल्याला माहीत आहे. पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता, देव दारात आला, आणि हातातली सेवा न सोडता त्याने वीट पुढे केली. देव रागावला नाही. कमरेवर हात ठेवून थांबला. ज्या घरात आज बाळंतीण आहे, आजारी म्हातारं माणूस आहे, आणि ज्यांची वारी म्हणून चुकली आहे, त्यांनी मन खाऊ नये. हातातलं काम पुरं करा. तो थांबतो, ही त्याची जुनी सवय आहे.

आपली इंद्रायणी लोणावळ्याच्या वर कुरवंड्याला उगम पावते, मावळातून देहूला आणि मग आळंदीला माउलींच्या पायाशी जाते. पण वाटेत आधी आमच्या भातखाचरांना पाणी देते.

आजचा नेम : नात्यात, शेजारी कोणी बाळंतीण असेल तर आज तिच्याकडे जा किंवा फोन करा. बाळ कोणासारखं दिसतं हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘तू झोपलीस का? जेवलीस का?’ आणि उत्तर पूर्ण ऐका. दोन आठवड्यांनंतरही ती खचलेली वाटली तर तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतंय असं ती बोलली, तर दोन आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी जा. 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावरही बोलता येतं.

आजची प्रार्थना : पांडुरंगा, आमच्या लेकीला तिची भूक कळत नाही, तिच्या आईला तिची स्वतःची भूक आठवत नाही. दोघींचं ओझं तू वाहतोस, हे आम्ही मानतो. त्यासाठी तुला हात लागले तर आमचे घे. रात्री दोनलाही चालेल.

उद्या श्लोक 23.

राम कृष्ण हरी.