रेघेची जाडी

भाद्रपद जवळ आला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि इकडे घाटकोपर-मुलुंडला दुकानांत एमडीएफची, प्लायची सुटी मखरं दिसू लागतात. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि लेझरने कापलेल्या लाकडी मखराला घरोघरी जागा मिळाली. या मखराचं सगळं मर्म त्याच्या सांध्यांत आहे. एका फळीचे दात दुसरीच्या खाचांत बसवले की खिळे न मारता ते उभं राहिलं पाहिजे, हार-तोरणांच्या भाराने डगमगता कामा नये, आणि विसर्जन झालं की पुन्हा सुटं होऊन माळ्यावर गेलं पाहिजे. दोन खोल्यांच्या घरात उभं मखर वर्षभर ठेवणार कुठे? धरून ठेवणं आणि सुटणं या दोन्ही गोष्टी एकाच सांध्याकडून हव्या असतात, आणि दोन्हींमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं असतं. ते अंतर मशीन आपोआप सांभाळतं अशी समजूत आहे. माझ्या मते ते सांभाळतो कापण्याआधी मोजणारा माणूस, आणि त्याच्या मोजण्याला आपण अजून काम म्हणून धरत नाही.

संगणकावर काढलेल्या रेघेला जाडी नसते. लेझरच्या कापाला असते. किरण लाकूड जाळत जातो, आणि जेवढं जळतं तेवढं कायमचं जातं. या जळून गेलेल्या रुंदीला कर्फ म्हणतात. पातळ फळीत तो साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर भरतो. सुतार ज्याला एक सूत म्हणतो, ते इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३ मिलिमीटरहून थोडं जास्त. कर्फ त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. तरी सांध्यात तो दोनदा मोजावा लागतो. कर्फ ०.२ असेल तर १० मिलिमीटरचा काढलेला दात ९.८ चा निघतो, शेजारची खाच १०.२ ची होते, आणि एकेका दाताला ०.४ मिलिमीटरची ढिलाई येते. सगळे दात असे असले की मखराची कमान हात लावताच हलते. उपाय कागदावर सोपा आहे: फळीची बाहेरची रेघ अर्ध्या कर्फाने बाहेर सरकवायची. दात दोन्ही बाजूंनी फुगतो, खाच तेवढीच आवळते. प्रश्न एवढाच की कोणत्या कर्फाच्या अर्ध्याने?

सॉफ्टवेअरमध्ये एकदा ०.१५ भरलं की झालं, असं त्यावर म्हटलं जातं. कर्फ हा मशीनच्या अंगचा ठरलेला आकडा असता तर ते खरं ठरलं असतं. गाळ्यांतल्या कटरमध्ये बहुधा असतो तो कार्बन डायऑक्साइडचा लेझर. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तो घडवला. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. पण कापाची रुंदी तेवढ्यावर ठरत नाही. भिंग धुराने मळलं, फोकस किंचित वरखाली झाला, वेग कमी ठेवला, प्लायमधला गोंद वेगळा निघाला, की काप बदलतो. वरचा काप आणि खालचा काप यांतही फरक पडतो. त्यात मुंबईचा पावसाळा. ३ मिलिमीटर म्हणून घेतलेली फळी मुळात बरोबर ३ ची असेलच असं नाही, आणि गाळ्यात आठवडाभर दमट हवेत पडलेलं एमडीएफ जाडीला फुगतं. दाताची रुंदी कर्फ सांभाळेल, पण ज्या खाचेत फळीची जाडी शिरायची आहे ती त्या दिवशीच्या जाडीलाच कापावी लागते. म्हणून त्याच फळीवर मोजायचं. एका ओळीत १० मिलिमीटरचे दहा तुकडे कापायचे, चौकटीत एका बाजूला सरकवायचे आणि उरलेली फट व्हर्नियरने मोजायची. दहा तुकड्यांना रेघा अकरा लागतात, म्हणून भागायचं अकराने. फट २.२ मिलिमीटर आली तर कर्फ ०.२. इथे दहाने भागण्याची चूक फार सहज होते.

फेविकॉल आहे, पॉलिशपेपर आहे, एवढा काथ्याकूट कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण सुताराची सगळी कला नंतरच्या दुरुस्तीवर उभी आहे. पण तो मुद्दाम किंचित जास्त लाकूड ठेवतो आणि पटाशीने तासत तासत गच्च बसवतो. जास्तीचं काढता येतं. लेझर नेमक्या रेघेवर चालला की उणंच पडतं, आणि जळालेलं लाकूड पॉलिशपेपरने परत येत नाही. फेविकॉलने फट बुजेल, पण मग मखर सुटणार नाही. पेटी कायमची चिकटवायची असेल तर थोडी ढिलाई चालते, किंबहुना गोंदाला जागा म्हणून हवीच. तिथे हा आक्षेप मी मान्य करतो. जिथे सांधा पुन्हा उघडायचा आहे तिथे नाही. हाताचं कसब संपलं असंही यातून निघत नाही. पटाशी जे कापल्यावर करायची, ते आता कापण्याआधी करावं लागतं. डोळा आणि बोटं तीच.

उरतो पैशाचा मुद्दा, आणि तोच खरा अडसर. मशीनचा हिशेब मिनिटांवर चालतो. गणपतीच्या तोंडावर रांग लागलेली असताना चाचणीचा तुकडा कापणारा कारागीर वेळ वाया घालवतोय असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि मालकालाही. पण तो तुकडा तळहाताएवढा आहे, आणि एक अख्खं मखर ढिलं निघालं तर फळी, वेळ आणि गिऱ्हाईक तिन्ही जातात. बिलात कापण्याच्या खाली चाचणीची वेगळी ओळ असावी. तुकड्यावर तारीख, जाडी, वेग आणि कर्फ पेन्सिलीने लिहून तो मशीनशेजारी टांगावा. नवा गठ्ठा फोडला, भिंग पुसलं किंवा चार दिवस पाऊस लागून राहिला, की तो उतरवून नवा कापावा.