मुलांचे चित्र आणि मोठ्यांचे मौन

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील बाल चित्रकला स्पर्धेच्या परीक्षणाचे काम आमच्याकडे आले होते. विषय ऐच्छिक होता. तरीही निम्म्याहून अधिक कागदांवर तेच दोन डोंगर होते, त्यांच्यामधून उगवणारा तोच सूर्य, तीच नागमोडी नदी, तेच कौलारू घर आणि आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. भोपाळच्या मुलांना तलाव रोज दिसतो, परंतु तलाव एकाही कागदावर नव्हता. एका पाच वर्षांच्या मुलाने मात्र सगळा कागद काळ्या खडूने भरून टाकला होता आणि कोपऱ्यात पिवळ्या रंगाचा एक लहानसा ठिपका ठेवला होता. आमच्यातील एका परीक्षकांनी "कागद वाया घालवला" म्हणून तो बाजूला सारला. दुसऱ्यांनी आवाज उतरवून म्हटले, "घरी काही ठीक दिसत नाही." बक्षीस अर्थातच डोंगर-सूर्याला गेले. समारंभ आटोपल्यावर आम्ही त्या मुलाला सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, "लाइट गेलीये. आजी मेणबत्ती शोधतेय."

त्या एका कागदापुढे आम्ही दोन चुका केल्या होत्या. पहिली चूक, चित्राला गुण देण्याची. दुसरी, चित्रावरून निदान करण्याची. दोन्ही चुका करताना आम्ही स्वतःला जाणते समजत होतो. मुलाला विचारावे एवढे मात्र कोणालाच सुचले नाही. लहान मुलांना कलेमुळे मानसिक लाभ होतो, असे हल्ली पुष्कळ ऐकू येते. शाळांच्या माहितीपत्रकांतही 'आर्ट थेरपी' हा शब्द दिसू लागला आहे. हा लाभ खरा आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. मुलाच्या चित्राशी आपण मोठ्यांनी कसे वागावे? ते चित्र कोणाचे? आणि जे आपल्याला पाहवत नाही, ते मुलाने काढले तर काढू द्यावे काय?

'आर्ट थेरपी' हा शब्द रूढ केला तो एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने, १९४२ साली. क्षयरोगामुळे आरोग्यधामात पडून असताना चित्र काढण्याने मनाला उभारी येते, हे त्याने स्वतः अनुभवले आणि मग शेजारच्या खाटांवरील रुग्णांच्या हाती कागद-पेन्सिली दिल्या. शब्द नवा असला तरी मुलांच्या चित्रांकडे जाणत्यांचे लक्ष त्यापूर्वीच गेले होते. १९२७ साली ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने दाखवून दिले की लहान मूल जे दिसते ते नव्हे, तर जे त्याला ठाऊक असते ते काढते. म्हणून घराच्या भिंतीआडची माणसे त्याच्या चित्रात दिसतात आणि म्हणूनच ज्याची भीती वाटते तो कुत्रा घराहून मोठा होतो. १९२६ साली फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी मुलांकडून माणसाचे चित्र काढवून घेऊन बुद्धी मापण्याची चाचणी तयार केली होती. पुढे बडोद्याला प्रमिला फाटक यांनी तिचे भारतीय मुलांसाठी रूपांतर केले. या अभ्यासाचे मोल आहेच. पण चाचणीने चित्रातून माहिती काढून घेतली जाते. उपचारात मुलाला काही द्यावयाचे असते. या दोहोंतला फरक ज्याच्या ध्यानी आला नाही, त्याच्या हाती मुलाचा कागद देऊ नये.

हा फरक समजून घ्यावयाचा तर फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या स्त्रीची हकिकत आठवावी. बाउहाउस या प्रख्यात कलाशाळेत शिकलेल्या या ज्यू चित्रकर्तीला डिसेंबर १९४२ मध्ये प्रागजवळच्या तेरेझीन येथील बंदिवासात धाडण्यात आले. सोबत नेता येण्याजोग्या मोजक्या सामानात त्यांनी रंग आणि कागद भरले होते. तिथल्या मुलांना त्या गुपचूप चित्रकला शिकवीत. जुन्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या पाठी हाच पुष्कळदा कागद असे. मुलांनी आपल्या चित्रावर स्वतःचे नाव लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. जिथे माणसाचे नाव पुसून त्याला क्रमांक दिला जात होता, तिथे हा आग्रह साधा नव्हता. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला नेऊन त्यांची हत्या करण्यात आली. त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्यालाही तेच आले. दोन पेट्यांत लपवून ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे मात्र वाचली. ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांत बंदिवासाची चित्रे आहेत, तशी फुलपाखरे, घराची स्वयंपाकघरे आणि बागाही आहेत. त्या मुलांना चित्रांनी वाचवले नाही. मग त्या वर्गाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आमच्या मते उपयोगाचा प्रश्न इथेच तपासून घ्यावा लागतो. त्या कागदापुरते तरी ते मूल कोणाच्या हुकमाखाली नव्हते. लाभ म्हणतात तो एवढाच, आणि तो लहान नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या मराठी घरांत कलेचे वावडे कधीच नव्हते. उंबऱ्याशी रांगोळी, दिवाळीत मातीचा किल्ला, भोंडल्याचा हत्ती, हरतालिकेची वाळूची पिंड, हे सारे मुलांच्या हातांनीच होत आले. ग्वाल्हेर-इंदूरहून किंवा नागपूरहून १९५६ नंतर नव्या राजधानीत आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी सरकारी क्वार्टरच्या चार हात अंगणातही किल्ला बांधू दिला. पण याच घरांत आणखी एक रीत आली: अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. तिन्हीसांजेला मूल मरणाविषयी काही विचारू लागले की आजी त्याच्या तोंडावर हात ठेवी. त्या हातात माया होती, हे आम्ही जाणतो. भीतीही होती, हे कळायला मात्र आम्हांला फार वर्षे लागली.

डिसेंबर १९८४ मधली एक गोष्ट सांगतो. २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन विषारी वायू सुटला. तो प्रामुख्याने जुन्या शहराच्या वस्त्यांवर पसरला. टी. टी. नगर आणि भेल वसाहतीतील आपल्यापैकी बहुतेक घरांना त्या मानाने कमी झळ लागली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि पळापळ सर्वांनी पाहिली. कारखान्यात उरलेला वायू संपविण्यासाठी १६ डिसेंबरला तो पुन्हा सुरू होणार म्हणताच निम्मे शहर गाव सोडून निघाले; आपल्यापैकी कितीतरी जण इंदूर-नागपूरच्या नातेवाइकांकडे गेले. परतल्यानंतर आमच्या आळीतील मुले एक नवाच खेळ खेळू लागली. एकाने 'गॅस' व्हायचे आणि बाकीच्यांनी डोळ्यांवर ओला रुमाल धरून पळायचे. जो खोकला तो बाद. एकाने तर कोळशाने मागच्या भिंतीवर धूर सोडणारी टाकी आणि आडवी पडलेली माणसे काढली होती. आम्ही मोठ्यांनी काय केले? भिंत धुऊन काढली, खेळ बंद पाडला आणि "असले अभद्र खेळ खेळतात का?" म्हणून सर्वांना दटावले. भिंतीवर चित्र काढणारा तो मुलगा आज पन्नाशीकडे झुकला आहे. मध्यंतरी विषय निघाला, तेव्हा तो म्हणाला की त्या रात्रीचे त्याला फारसे आठवत नाही. आठवते ती भिंत धुणारी बादली.

त्या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. मुलाला शब्दाआधी नजर येते आणि नजरेबरोबर भय येते. भयाला मनात असताना कडा नसतात. ते अंगभर पसरलेले असते. कागदावर किंवा भिंतीवर उतरताच त्याला आकार येतो, आणि तो आकार मुलाच्या हातातला असतो. टाकी लहान काढावी, मोठी काढावी, तिच्यावर फुली मारावी किंवा कागद फाडून टाकावा, हे सारे त्याच्या स्वाधीन असते. प्रत्यक्षात ज्या गोष्टीपुढे ते पूर्णपणे असहाय होते, तिच्यावर खेळात आणि चित्रात त्याची सत्ता चालते. लहान मुलांच्या कलोपचाराचा गाभा, आमच्या समजुतीप्रमाणे, हाच आहे. मात्र त्याला एक अट आहे. जवळ कोणीतरी विश्वासाचे माणूस हवे, आणि त्याने ते चित्र पाहून दचकता कामा नये. आम्ही दचकलो. भिंत धुताना आम्ही त्या मुलाला एवढेच सांगितले, की तू पाहिलेस ते आम्हांला पाहवत नाही, तेव्हा तुझे तू सांभाळ.

याच्या उलट टोकाचा दोषही सांगितला पाहिजे. त्या दुर्घटनेचे जगभर गेलेले चित्र एका बालकाचे आहे: मातीत पुरताना टिपलेला, डोळे उघडे असलेला चेहरा. पाब्लो बार्थोलोम्यू आणि रघू राय या दोघांनी तो टिपला. पाब्लोंच्या छायाचित्राला जागतिक पुरस्कार मिळाला. त्या चित्रांनी जगाची झोप मोडली, त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु एखाद्या शोकाचे प्रतीक म्हणून मूल हाताशी असणे मोठ्यांना फार सोयीचे असते. पीडित मुलांकडून दर वर्षी ठरावीक दिवशी 'ती रात्र' रंगवून घ्यावी आणि कागद पाहुण्यांना दाखवावेत, असा मोह कोणाही सज्जनाला होऊ शकतो. मग मूल आपले चित्र काढीत नाही, आपली साक्ष काढून देते. ज्या मुलाला आज पतंग काढावासा वाटतो, त्याच्याकडून धूर काढवून घेणे हाही त्याचा कागद हिरावण्याचाच प्रकार होय. दुःख काढायची मोकळीक हवी, तशी दुःख न काढायचीही हवी.

कलेच्या सामर्थ्याविषयीही अतिशयोक्ती नको. चित्र काढून फुप्फुस बरे होत नाही. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोघींनी २००४ साली मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराच्या रकमेतून चिंगारी ट्रस्ट उभा केला आणि वायुपीडितांच्या वस्त्यांतील जन्मतः अपंग मुलांसाठी केंद्र काढले. त्यात त्यांनी व्यायामोपचार, वाचोपचार आणि विशेष शिक्षण यांची व्यवस्था केली. मुलाला काय हवे, हे मजुरी केलेल्या या दोन स्त्रियांना नेमके कळले होते. औषध, शुद्ध पाणी आणि न्याय यांच्या जागी रंगपेटी पुढे करणे ही क्रूर थट्टा ठरेल. आणि कला माणसाला तारतेच असे म्हणणाऱ्याने जनगढसिंह श्याम आठवावा. पाटनगढच्या या तरुण गोंड कलावंताला स्वामिनाथन यांनी भारत भवनात आणले. त्याने एक नवी चित्रशैलीच घडविली. तोच २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना, घरापासून दूर, स्वतःचे जीवन संपवून बसला. हात चित्र काढत होता, पण शेजारी आपले माणूस नव्हते. यावरून कार्यकारणभाव काढण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच म्हणतो, की कागद आणि रंग माणसाच्या सोबतीची जागा घेत नाहीत.

मग सामान्य घराने काय करावे? खरोखर आघात झालेल्या मुलासाठी प्रशिक्षित उपचारकच हवा; आजी-आजोबांनी चित्रावरून निदान करू नये. काळा रंग म्हणजे दुःखच असे नसते, कधी तो नुसती वीज गेल्याचाही असतो. पण रोजच्या लहान भयांसाठी घर पुरेसे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, शंख, माती यांतून बालवाडी उभी केली; महागड्या साहित्यावाचून काही अडले नाही. कागद द्यावा, विषय देऊ नये. मुलाच्या हातावर आपला हात ठेवून रेघ सरळ करू नये. "हे काय आहे?" असे दरडावण्यापेक्षा "याबद्दल सांगतोस का?" असे विचारावे, आणि त्याने सांगितले नाही तर गप्प बसावे. चित्र कोणाला दाखवायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे.

आपल्या शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर भीमबेटका आहे. आपल्याच विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली तो चित्रठेवा जगाच्या नजरेस आणला. तिथल्या सभागृहासारख्या प्रशस्त गुहेत लहान मुलाच्या हाताचा म्हणून एक ठसा दाखवितात. तो केव्हाचा, कोणाचा, या चर्चेत आम्ही शिरत नाही. पण तो पाहताना दर वेळी एक विचार मनात येतो, की ज्या कोणा मुलाने तो हात दगडावर टेकवला, त्याच्या मोठ्यांनी तो पुसला नाही.

आम्ही त्या काळ्या कागदानंतर स्पर्धेचे परीक्षण सोडले. मंडळाला एवढे सुचविले की सर्वच चित्रे लावावीत, क्रमांक देऊ नयेत. पहिल्या वर्षी काही पालक नाराज झाले. बक्षीस नसेल तर मूल चित्र कशाला काढील, असे त्यांचे म्हणणे पडले. मुलांनी काढली. त्या वर्षी डोंगर-सूर्य होतेच, पण दोन कागदांवर तलावही आला. एकावर आजोबांची खाट होती, रिकामी. ती पाहून त्या मुलीच्या आईने कागद काढून घेण्यासाठी हात पुढे केला, क्षणभर थांबली, आणि मग तसाच राहू दिला.