गोष्टीतलं खरं कोण ठरवतं?

एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्म या चित्रपट कंपनीने जाहीर केलं की, आधीचे सहा चित्रपट आणि ‘क्लोन वॉर्स’ मालिका एवढंच ‘स्टार वॉर्स’च्या विश्वात घडलेलं मानायचं. कंपनी २०१२ मध्ये डिस्नेकडे गेली होती आणि नव्या चित्रपटांना मोकळी वाट हवी होती. त्यामुळे तोवर निघालेल्या कादंबऱ्या आणि कॉमिक्सच्या ढिगावर ‘लेजंड्स’ असा शिक्का बसला. १९९९ च्या ‘व्हेक्टर प्राइम’ कादंबरीत मेलेला च्युबाका २०१५ च्या चित्रपटात धडधाकट उभा राहिला. चाहते ज्याला ‘कॅनन’ म्हणतात, म्हणजे कथाविश्वात अधिकृतपणे घडलेलं, ते एका निवेदनाने बदललं.

आमच्याकडच्या बोईसर-तारापूरच्या तरुण पोरांना या बदलावरच्या वादाची खडान्‌खडा माहिती असते. त्यांचा मुद्दा मला रास्त वाटतो. ज्या मरणाने वाचक हळहळला, ते कंपनीच्या सोयीसाठी ‘झालंच नाही’ कसं म्हणायचं? टिमथी झान यांनी १९९१ च्या कादंबरीत निर्माण केलेला थ्रॉन हा सेनानीही त्याच ढिगात गेला. पण वाचकांच्या मनातून तो गेला नव्हता. २०१६ मध्ये ‘रिबेल्स’ मालिकेत त्याला परत आणावंच लागलं.

मराठीत एवढं मोठं विज्ञानकथाविश्व नाही, पण हाच प्रश्न फास्टर फेणेने आपल्यापुढे ठेवला आहे. ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोचवणाऱ्या भा. रा. भागवतांनीच फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे घडवला. पुण्याच्या विद्याभवनातला हा सायकलस्वार विद्यार्थी पुस्तकांतून वाढला, दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपात दिसला आणि २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात अमेय वाघ झाला. या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि त्याला खुद्द भा. रा. भागवत भेटतात. ती भूमिका दिलीप प्रभावळकरांची. पुस्तकातल्या मुलाशी याचा तपशील जुळत नाही. मग हा फेणे खरा की खोटा?

या प्रश्नाकडे बघण्याची एक रीत आमच्या पालघर जिल्ह्यातच आहे. वारली घरात लग्न असलं की आतल्या भिंतीवर गेरूचा हात फिरतो. तांदळाच्या पिठात काडी बुडवून सवाष्णी चौक लिहितात. चौकात मधोमध पालघट देवी, भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी. धवलेरी ही पुरोहित बाई गाणी म्हणत लग्न लावते. देवीशिवाय चौक नाही आणि चौकाशिवाय लग्न नाही, इतकं हे पक्कं. पण किनारीची नक्षी कशी, झाडं किती, माणसं कुठे, हे लिहिणारीच्या हातावर. दोन घरांतले चौक हुबेहूब सारखे नसतात आणि दोन्ही खरे असतात.

१९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे लग्नाच्या निमित्ताशिवाय, कागदावर चित्रं काढू लागले. बायकांच्या हातची कला पुरुषाने भिंतीवरून कागदावर नेली, हे रीतीबाहेरचंच होतं. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र लग्नाचा चौक नव्हे, पण म्हणून ते बनावटही ठरत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. ‘वारली’ या नावाने काय विकता येईल, हे त्यातून ठरतं. लग्नघरातला चौक पुरा झाला की नाही, हे मात्र घरच्या जाणत्या बायकाच सांगतात.

मालकी आणि प्रामाण्य या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. मालक छापू शकतो, विकू शकतो, बंद करू शकतो. काय घडलं असं मानायचं, ते ठरतं गोष्ट सांभाळणाऱ्यांत. याचा अर्थ ज्याला जे वाटेल ते खरं, असा नाही. धवलेरी वर्षानुवर्षं ऐकून, पाठ करून तयार होते, म्हणून तिच्या शब्दाला वजन येतं. चाहत्यालाही तो मान तसाच कमवावा लागेल. नव्या वाचकाला हाकलून, नव्या पात्रांवर तोंडसुख घेऊन तो मिळणार नाही.

म्हणून कुठल्याही कथाविश्वाला मी एकच प्रश्न विचारतो : यातल्या कशावाचून चालणार नाही? फास्टर फेणेचं वय बदललं तर चालेल, शाळा सुटली तर चालेल. पण दुसऱ्यावरचा अन्याय दिसल्यावर गप्प न बसणं आणि डोकं चालवून त्याचा छडा लावणं गेलं, तर उरेल तो दुसराच कोणी मुलगा. चित्रपटातल्या बनेशने ते जपलं, म्हणून माझ्या लेखी तो खरा.

हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे माझं मागणं साधं आहे. नवं खुशाल करा, पण जुनं रद्द करू नका. ते छापत राहा, मिळत राहू द्या. कुठला फेणे खरा, हे दोन्ही वाचल्या-पाहिल्यावर पुढची मुलं ठरवतील, आणि तो हक्क त्यांचाच आहे.