गळती कोठे आहे?

वाचावयाचा भाग : मत्तय 25:1-13



दहा कुमारींचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. दिवे दहाही जणींच्या हाती होते. कोणाचे तेल पुरणार व कोणाचे सरणार, हे मध्यरात्री हाक आली तेव्हाच कळले. गेल्या पावसाळ्यात हाच दाखला मला माझ्या अंगणात, माझ्याच मोटारीपाशी, पुन्हा शिकावा लागला.

पहाटे दोनच्या सुमारास मंडळीतील एका शेतकरी बंधूने दार ठोठावले. त्याच्या पत्नीस कळा सुरू झाल्या होत्या. मी धावत जाऊन मोटारीची किल्ली फिरविली. कट् असा एक आवाज झाला, दिवे मिणमिणले, आणि सारे शांत. शेवटी शेजारच्या वस्तीवरचा टेंपो मागवून त्या भगिनीस दवाखान्यात नेले. देवाच्या दयेने माता व बालक सुखरूप आहेत. तथापि वाट पाहण्यात गेलेला तो अर्धा तास मी विसरू शकत नाही.

सकाळी मोटार धुणाऱ्या मुलास मी सर्वांदेखत रागे भरलो. "तूच रात्री दिवा चालू ठेवलास," असे म्हणालो. "नाही पाळकसाहेब, मी सगळे बंद करून गेलो होतो," असे तो म्हणाला. पण मी ऐकले नाही. बॅटरी भरून आणली. चार दिवसांनी ती पुन्हा रिकामी! पुन्हा भरून आणली, पुन्हा तेच. कोणी म्हणाले, नवी घ्या. तेव्हा तालुक्याच्या गावी वायरिंगचे काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "विकत घेण्याआधी तपासा, आणि क्रमाने तपासा." त्यांनी तीन प्रश्न विचारावयास शिकविले.

पहिला प्रश्न : बॅटरी स्वतः भार धरून ठेविते काय? ती पूर्ण भरून, ऋण बाजूची तार सोडवून रात्रभर तशीच ठेवावी व सकाळी मीटर लावून पाहावे. सुमारे 12.6 व्होल्ट आले तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे जवळजवळ अर्धी. एकटी असतानाच ती खाली आली, तर दोष तिच्यातच आहे. फ्रान्समधील गास्तों प्लांते ह्यांनी 1859 साली शिशाच्या पत्र्यांची व गंधकाम्लाची बॅटरी केली. आजच्या मोटारींतील नेहमीची बॅटरी त्याच तत्त्वावर चालते. ती बहुत काळ रिकामी राहू दिली, तर पत्र्यांवर शिशाचा क्षार घट्ट बसतो आणि तिची शक्ती कायमची घटते. म्हणून वारंवार रिकामी होणे हीच तिची मोठी हानी होय. आमच्या बॅटरीने सकाळी 12.6 दाखविले.

दुसरा प्रश्न : ती नीट भरली जाते काय? इंजिन चालू असता 13.8 ते 14.5 च्या आसपास व्होल्ट यावेत. कमी आले तर ऑल्टरनेटर, त्याचा पट्टा, किंवा बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी पाहावी. रोज दोन-चार मिनिटेच गाडी चालविणाऱ्याची बॅटरीही उपाशी राहते. कारण चालू करताना गेलेली वीज परत येण्यास वेळ मिळत नाही. आमच्या मोटारीत 14.2 आले.

तिसरा प्रश्न : सारे निजले असता कोण जागे आहे? किल्ली काढून, दारे लावून, ऋण टोक व त्याची तार ह्यांच्या मधोमध अँपिअर मोजणारा मीटर जोडला. आजच्या मोटारींतील यंत्रणा निजावयास वेळ घेते, म्हणून तासभर थांबलो. सामान्यतः 50 मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालते. आमच्या मीटरवर 450 होते! हिशेब सोपा आहे. 45 अँपिअर-तासांची बॅटरी, दर तासास 0.45 ची गळती : शंभर तासांत, म्हणजे चार दिवसांच्या किंचित पुढे, सर्व संपले.

मग मिस्त्रींनी एकेक फ्यूज काढून पुन्हा बसविण्यास आरंभ केला. बरेच फ्यूज निघाले, आकडा हलला नाही. आतील दिव्यांचा फ्यूज निघताच तो 30 वर उतरला. तो परत बसवून, डिकी दहा मिनिटे बंद ठेवून त्यांनी उघडली व आतल्या लहान बल्बास बोट लावले. तो तापलेला होता! झाकण बंद झाले तरी तो विझत नसे, कारण त्याचे बटण मोडले होते. ते मोडले कसे? गीतपुस्तकांच्या पेट्या मी स्वतःच कोंबून भरल्या होत्या.

प्रियहो, पाच वॅटचा तो दिवा बंद झाकणाआड जळत होता, आणि मी दुसऱ्याच्या मुलावर दोष ठेविला होता. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो व त्याच्या आईबापांसमोर क्षमा मागितली. तो फक्त म्हणाला, "मी सांगितले होते." हे शब्द कोणत्याही शिक्षेपेक्षा मला जड गेले.

आपल्या मंडळ्यांचेही असेच होत नाही काय? वार्षिक मेळाव्यात आपण भरून येतो आणि चार दिवसांत रिते होतो. मग आणखी सभा मागतो, किंवा मंडळीतील सर्वांत दुबळ्या मनुष्यास बोल लावतो. झाकणाआड जळणारा जुना राग, न फेडलेले देणे, शेजाऱ्याविषयी धरलेली अढी, ही मात्र कोणी पाहत नाही. तेव्हा सर्व आवाज बंद करून तासभर देवासमोर शांत बसा. एकेक गोष्ट नावानिशी काढून पाहा. सरसकट पश्चात्तापाने गळती सापडत नाही. आणि सापडल्यावर ज्यास दुखविले त्याच्या दारी जा.

मोटार असणाऱ्यांस एवढेच सांगतो : बॅटरीपाशी विडी वा काडी पेटवू नका, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. तार सोडविताना ऋण बाजूची आधी सोडवा. मीटर मध्ये जोडलेला असता किल्ली फिरवू नका.

मध्यरात्रीची हाक केव्हा येईल हे आपणांस ठाऊक नाही. ती येईल तेव्हा आपला दिवा व आपली मोटार दोन्ही सिद्ध असोत. आमेन.