सूप आणि जात्यंध

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी ब्रह्मविद्येचे निरूपण केले ते लोकांच्या नित्य हाताळणीतील वस्तू पुढे ठेवून. केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची घडण त्रिविध आहे : स्वामींचे सूत्र, स्वामींनीच सांगितलेला दृष्टांत आणि त्यापुढे केशिराजबासांचे दार्ष्टांतिक. निरूपणाच्या वेळी मात्र वाचक पुष्कळदा मधला भाग घाईने उरकून दार्ष्टांतिकाकडे धावतो. कथा काय, ती तर सर्वांना ठाऊकच आहे, असे त्यास वाटते. ही घाई बरी नव्हे.

जात्यंधांचा दृष्टांत घ्यावा. ज्याच्या हाती हत्तीचा पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला. ज्याच्या हाती कान आला त्याला तो सुपासारखा वाटला. खांब काय अथवा सूप काय, दोन्ही घरातल्याच वस्तू. जन्मात कधी न पाहिलेला प्राणी त्या आंधळ्यांनी रोजच्या स्पर्शाने ओळखू पाहिला. यात त्यांचा स्पर्श खोटा नव्हता आणि उपमाही खोटी नव्हती. कान सुपासारखा असतोच. चुकले ते इतकेच, की सुपासारखा हा कान, एवढे न म्हणता त्यांनी सुपासारखाच हा हत्ती, असे ठरविले. सगळा अनर्थ त्या एका ‘च’कारात आहे.

आता जी गृहिणी रोज सूप हाती धरते, तिचा विचार करावा. पाखडताना फोल उडते, दाणा मागे राहतो. खडा मात्र पाखडून जात नाही, त्यासाठी सूप घोळावे लागते. आणि पिठातला कोंडा काढायचा तर सूप ठेवून चाळणीच घ्यावी लागते. सुपाने काय होते आणि काय होत नाही, हे तिचा हात जाणतो. साधनाची मर्यादा तिला कोणी शिकविलेली नाही, कामाने शिकविली आहे. तिने हा दृष्टांत ऐकला तर ‘च’कार कोठे शिरला हे तिला शब्दपंडिताच्या आधी उमगेल.

येथे एक शंका उपस्थित होते. मग कामातच ज्ञान आहे, संन्यासाचे, अटन-विजनाचे प्रयोजन काय? असा प्रश्न उपदेशी मंडळी विचारतात, आणि अलीकडे तर काम हीच पूजा, असे म्हणून नामस्मरणही मागे टाकतात. मार्गाचा सिद्धांत तसा नाही. कर्माचे फळ कर्मापुरते. ते भोगले की सरते. जीवाला बंधमुक्त करणारा एक परमेश्वरच. पाखडण्याने धान्य निवडले जाते, जीव नव्हे. काम हे दृष्टांताच्या ठिकाणी आहे, दार्ष्टांतिकाच्या नव्हे. आणि दृष्टांत एकदेशी असतो, हे विसरले की आपणही त्या आंधळ्यांच्या पंक्तीस बसतो.

भिक्षूंनाही हे लागू आहे. मार्गातील पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत पोथ्या उतरून ठेवल्या. उतरून घेणाऱ्यास न कळलेले वचनही जसेच्या तसे लिहावे लागे. पदरचा एक कानाही घालावयाचा नाही. आपणास कळले तेवढेच खरे, हा अभिमान त्या बैठकीत हळूहळू गळत असला पाहिजे. नुसत्या उपदेशाने तो इतक्या सहज गळत नाही.

आज पुष्कळ घरी धान्य निवडलेले, पिशवीत बांधलेले येते. तेथील मुलांना सूप हा केवळ शब्द आहे. अशा घरी पोथी लावण्यापूर्वी निरूपणकाराने शेजारपाजारहून एखादे सूप मागवून घ्यावे, मूठभर तांदूळ त्यात घालावेत आणि घरातील वडीलधाऱ्या बाईंना, आई, जरा पाखडून दाखवा, अशी विनंती करावी. दृष्टांत त्यानंतर वाचावा.